हातानं भरवलेली जिलबी

तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मला ज्यांनी कंपनीत घेतलं, त्या साहेबांचा फोटो आमच्या घरात लावायचाच काय तो बाकी होता. घरातला पहिला पदवीधर मी, पण त्या पदवीचा पगार झाला तो त्यांच्यामुळे. त्यांच्या मुलीचं लग्न कोरोनाच्या तिसऱ्या लाटेच्या तोंडावर आलं. आम्ही पुण्यात धायरीला राहत होतो, लग्नाचं लॉन्सही जवळच होतं.

बाबा तेव्हा डायलिसिससाठी आमच्याकडे होते. त्यांचे दोन्ही डोस झाले होते, पण अशा पेशंटच्या शरीरात लस तितकासा जोर धरत नाही, गर्दी टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी ऐकलं नाही. "साहेबानं माह्या पोराले उभं केलं. एकदा हात जोडून येतो, मंग नाही जात कुठंच."

गेटवर मोबाइलमधलं सर्टिफिकेट पाहून मनगटाला हिरवी पट्टी बांधत होते. शेजारी टोपली होती, मास्क टाकायला. मी बाबांना मास्क काढू देईना, तेव्हा साहेबांचे मेहुणे म्हणाले, "अहो, आत सगळे दोन डोसवाले आहेत. लग्नाला आलात की दरोड्याला?" लोक हसले. बाबांनी ओशाळून मास्क काढला.

दुरून नमस्कार करून निघायचं ठरलं होतं. साहेबांनी बाबांना हाताला धरून पंगतीत बसवलं आणि मग स्वतः जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला निघाले. ते खोकत होते. मनगटाच्या आड खोकायचे, उपरण्याला हात पुसायचे आणि त्याच बोटांनी पुढच्या माणसाच्या तोंडात जिलबी कोंबायचे. पाक कोपरापर्यंत ओघळला होता. आमच्या अलीकडच्या गृहस्थांच्या मिशा बोटांना घासून गेल्या, ओठही लागले. तीच बोटं बाबांसमोर आली.

"सर, बाबांच्या ताटात ठेवा ना. त्यांची तब्येत नाजूक आहे."

"ताटात वाढपी वाढतो. आग्रह घरचा माणूस करतो," साहेब म्हणाले. "आणि गेटवर पट्टी बांधली ती काय राखी म्हणून?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढा मोठा माणूस त्यांना हातानं भरवत होता.

दोन-चार दिवसांत ऑफिसच्या ग्रुपवर एकेकाचा ताप सुरू झाला. माझाही. कुणी काढा सुचवला, कुणी 'सगळ्यांना सौम्य, लग्न मात्र झकास' असं लिहून हसरे चेहरे टाकले. सौम्य होतं ते लसीमुळे, हे खरंच. पण ती अंगात असली की आपल्याकडून दुसऱ्याला काही जातच नाही, असं या शिकलेल्या माणसांनी कशावरून ठरवलं होतं, कोण जाणे. बाबांना ऑक्सिजन लावावा लागला. लस घेतली नसती तर हातचे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. बाबा घरी आले ते भिंत धरून चालत.

बऱ्याच दिवसांनी साहेब भेटायला आले. हातात जिलबीचा खोका. सोफ्यावर ऐसपैस बसून सांगू लागले, "मला तर हळदीच्या दिवशीच ताप होता. गोळी घेतली आणि उभा राहिलो. मुलीचं लग्न थोडंच थांबतं? आणि दोन डोस झालेले, म्हटलं काय होतंय."

किती सहज बोलले. हे बोलणाऱ्या माणसाचे मी वर्षानुवर्षं उपकार मानत आलो होतो. मला त्यांच्या समोरचा चहाचा कपसुद्धा उचलावासा वाटेना.

त्यांनी खोका उघडला, जिलबीचा तुकडा मोडला आणि हात बाबांच्या तोंडाशी नेला. "घ्या, बरे झाल्याबद्दल."

बाबांनी त्या बोटांकडे पाहिलं. मग शांतपणे हात जोडले.

"ताटात ठेवा, साहेब."

साहेबांचा हात तसाच राहिला, पाक गालिच्यावर टपकत. मी उठून स्वयंपाकघरातून ताटली आणली.