देवीनं दिलेली पट्टी

त्या मंगळवारी मी वेल्ह्याला मेंगाईच्या देवळात गेले ती नवस बोलायला नाही, भांडायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी मोठी श्रद्धाळू बाई आहे. त्या दिवशी माझ्या मनात भक्तीपेक्षा रागच जास्त होता. आणि भांडायला गेलेल्या माणसाला निदान तोंड तरी उघडता यायला हवं. माझा तर आवाजच गेला होता.

विंझरला रस्त्यालगत माझं शिवणकामाचं दुकान आहे. मशीन चालवता चालवता मी गाते, आणि गाता गाता माझे मलाच शब्द सुचतात. कधी मेंगाईचं गाणं होतं, कधी भाताच्या लावणीचं, कधी माहेराहून परतणाऱ्या बाईचं. पण माझा आवाज जड आहे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं. लग्नानंतर गावातल्या महिला भजनी मंडळात गेले, तर पेटी वाजवणारे बुवा पट्टी चढी धरायचे. फडताळावरचा डबा काढताना टाचा वर कराव्यात तशी मी ताणून गायचे. चार अभंग झाले की घशात काटे. बुवा म्हणायचे, "आवाज बायकी न्हाई तुमचा, त्याला कोण काय करणार?" मीही देवीला हात जोडताना दर वेळी हेच विचारायचे. गाण्याची एवढी ओढ द्यायची होती, तर गळा असा बाप्यासारखा का दिलास?

छत्तिसावं लागलं तेव्हा मनाशी ठरवलं. आपली गाणी आपण रेकॉर्ड करायची, आपल्या नावानं लोकांपुढं ठेवायची, आणि कार्यक्रमही कुणाच्या मागं न लागता आपणच मिळवायचे. नातेवाईक हसले. माझे मालक टेम्पो चालवतात, ते हसले नाहीत. "कर. पर मधी सोडू नकोस," एवढंच म्हणाले.

भोरला एका दुकानाच्या माडीवर छोटा स्टुडिओ होता. तो चालवणाऱ्या दादांनी माझी गाणी नीट ऐकून घेतली. म्हणाले, "ताई, गाणी झ्याक हायेत. पण देवीचं गाणं म्हटल्यावर आवाज टिपेचा पायजे. वरच्या पट्टीत गाऊन बघा." मी गायले. पाच दिवस एसटीनं जायचं, ताणून गायचं आणि घसा धरून परत यायचं, असं चाललं. काही जमेना. शेवटी त्यांनी माझ्याच पट्टीतलं एक गाणं घेतलं, कंप्युटरवर आवाज बारीक केला आणि मला ऐकवलं. शब्द माझे होते, चाल माझी होती, पण गात होती भलतीच कुणीतरी. चावी दिलेल्या बाहुलीनं गावं तसं.

"हे पुसून टाका," मी म्हणाले.

"अवो ताई, बाजारात असंच चालतं. तुमचा खरा आवाज कोण ऐकणार?"

"कुणी न्हाई ऐकला तर म्या ऐकीन. पर ह्यो आवाज माझा न्हाई. पुसा."

त्यांनी पुसलं. जिना उतरताना मी मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांनी सांगितलं, ताणून ताणून सूज आली आहे. तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि इकडं नवरात्र जवळ येत होतं. किकवीच्या महिला मंडळाचा कार्यक्रम मी ठरवला होता. पुन्हा पुन्हा फोन करून, दोनदा स्वतः जाऊन मिळवलेला. माझ्या नावावरचा पहिला कार्यक्रम. मालक हळूच म्हणाले, "म्या फोन करून न्हाई म्हणून सांगू का त्यास्नी?" कापड आखायचा खडू घेऊन मी कटिंगच्या फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नाही म्हणून सांगायचं नाही.'

तीन आठवडे मुकी राहिले. ज्या दिवशी मौन संपलं त्या दिवशी आवाज काढून बघायचाच धीर होईना. नाहीच निघाला तर? त्या भीतीचा राग देवीवर निघाला आणि मी सकाळची एसटी पकडून वेल्हं गाठलं.

देवळात आरती चालली होती. बायका टिपेला गात होत्या. मी मागं भिंतीला टेकून बसले आणि मनातल्या मनात देवीला नको नको ते बोलले. दिलेलं परत घेतलंस ना? घे. मी टाळ्या वाजवीन, खडूनं गाणी लिहीन, पण गाणं सोडणार नाही. तुला काय करायचं ते कर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा आवळलेला होता.

शेजारी एक म्हातारी बसली होती. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली असावी, दुधाची किटली मांडीला लावून बसलेली. तीही आरती म्हणत होती, पण सगळ्यांच्या खालून, घुमणाऱ्या आवाजात. आरती संपल्यावर तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं.

"घसा बसलाय व्हय गं?"

मी मान हलवली.

"मघाधरनं बघती, मान वर करून आवंढं गिळतीस. वर काय हाय? खाली उतर की." तिनं तळवा माझ्या बरगड्यांखाली ठेवला. "हितनं काढ. माळावं वारं सुटलं की बारीक आवाज वाराच खाऊन टाकतो. म्हशीला हाळी द्यायची तर पोटातनं द्यावी लागती. मेंगाई काय म्हशीपरास लांब हाय व्हय?"

मला हसू आलं. त्या हसण्यातच आवाज फुटला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिनं खालचा सूर धरला. मी डोळे मिटून त्यात सूर मिसळला. घशात काटा नव्हता, ताण नव्हता. तळव्याखाली सगळं पोट घुमत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. कुणीतरी प्रसाद हातावर ठेवला तेव्हा डोळे उघडले, आणि शेजारी कुणी नव्हतं. मी स्टँडवर पाहिलं, दूध घालतात तिथं विचारलं. वर्णनावरून कुणालाच ओळख पटेना. डॉक्टर नंतर म्हणाले, सूज उतरलीच होती, आवाज येणारच होता. ते खरं असेल. पण आवाज कुठून काढायचा हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी दुकानातच रेकॉर्डिंग केलं. कपड्यांचे ठाण, चिंध्यांची गाठोडी, टांगलेले परकर यांच्यामुळं तिथं आवाज घुमत नाही, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मोबाईलवर तानपुरा लावला, माझ्या पट्टीत. दुपारी रस्ता निवांत असतो तेव्हा मालक दाराबाहेर उभे राहिले. "म्हसरं आली तर थोपवतो, टेम्पो आला तर हातापाया पडतो, तू गा," म्हणाले. तीन गाणी झाली. माझ्या नावानं इंटरनेटवर टाकली. पहिल्याच माणसानं खाली लिहिलं, 'हा बाईचा आवाज आहे का बाप्याचा?' मी उत्तर लिहिलं, 'माझा आहे.'

गाणी ऐकून किकवीच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. "ताई, बायका नाचणार. गायला दुसरी कुणी बारीक आवाजाची आणा, तुमी टाळ धरा."

"गाणी माझी हायेत, म्याच गाणार. नको असंल तर आत्ताच सांगा. तरीबी देवीम्होरं येऊन बसंन म्हणा, तिथं बसायला बुकिंग लागत न्हाई."

 बाई म्हणाल्या, "या की मग, बया."

पहिल्या गाण्याला मांडवात खसखस पिकली. मला ऐकू येत होती. पोटावर हात ठेवला आणि दुसरं गाणं धरलं. धृपद दोनदा झालं तसा कुठूनतरी एक आवाज मिसळला, मग दुसरा, मग सगळा कोपरा. साठीच्या, सत्तरीच्या बायका गात होत्या. तिसऱ्या गाण्याला अख्खा मांडव माझ्या पट्टीत होता. नाचायचं राहूनच गेलं. नंतर एक आजी माझे हात धरून म्हणाल्या, "पोरी, आमचा सूर वर पोचत न्हाई म्हणून वर्सानुवर्सं नुसती ओठं हालवतोय आमी. आज गायलो." अध्यक्षीणबाई मागं उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. आपल्यासारख्या एवढ्या जणी असतील हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आता वरव्याहून, आणखी दोन-चार गावांतून बोलावणी येतात. काही जण आवाज ऐकून नकोही म्हणतात. मी दोघांनाही नमस्कार करते. देवीला शरण जायचं म्हणजे वाकायचं, लोक म्हणतील तसं व्हायचं, असं मला आधी वाटायचं. आता एवढंच कळतं की तिनं जे दिलं आहे ते न खुडता, न रंगवता पुढं करायचं. जगापुढं त्यासाठी अडून बसावं लागतं, ताठ राहावं लागतं. मान खाली जाते ती फक्त तिच्यापुढं. त्या म्हातारीला मेंगाई म्हणायचं की धनगरीण, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. जी कुणी होती तिच्या पायाशी माझं डोकं आहे.

परवाच्या कार्यक्रमात साथीला नवीन पेटीवाले होते. पहिलं गाणं सुरू करण्याआधी कानाशी येऊन म्हणाले, "ताई, दोन सूर वर घेऊ या का? रंग चढंल."

"न्हाई," मी म्हणाले, आणि खालचा सा लावला.