सिस्टरचं नाव यादीत होतं

"हा बघा, इथंच घेतली मी लस. मला काय झालं?" असं म्हणत सिस्टर बाही वर सरकवायची आणि आपला डावा दंड समोरच्यापुढे धरायची. कोविडची लस टोचल्याची खूण काही महिनोन्‌महिने राहत नाही, हे तुम्हाला-मला कळतं. पण गावातल्या बायका वाकून वाकून तो दंड बघायच्या, आणि बघून झालं की आपली बाही वर करायच्या.

पेणजवळ हायवेवरच्या गडबवरून आत गेलं की आमचं भातशेतीचं गाव. तिथल्या उपकेंद्राची ही नर्स. रोह्याहून रोज एसटीने यायची. मी गावच्या शाळेत शिक्षिका. शाळा बंद होत्या, म्हणून लस घेणाऱ्यांची नावं नोंदवायला माझी ड्यूटी तिच्या शेजारच्या टेबलावर लागली.

एक म्हातारे काका लसीच्या भीतीने पेंढ्याच्या उडवीमागे लपले होते. सिस्टर तिथेच बांधावर बसली. "काका, मी जात नाय. जेवणाचा डबा हाय माझ्याकडं." तासाभराने काका पेंढा झटकत बाहेर आले. "टोच गो बाय, पण हलकं टोच."

माझ्या सासूबाई तर कुणालाच बधत नव्हत्या. "मी मेले तर?" त्यांनी विचारलं. "मी मेले काय, आजी? पयल्याच दिवशी घेतली मी," सिस्टर म्हणाली आणि बाही वर केली. सासूबाईंनी निमूटपणे हात पुढे केला.

लसीसाठी माझा नंबर आला तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर सहा टाके होते. चरबीची गाठ होती, पेणला छोटं ऑपरेशन करून काढली होती. त्याला पाचच दिवस झाले होते. शेजारपाजारचे म्हणत होते, टाक्यांवर लस घेशील तर जखम चिघळेल. मी सिस्टरला सांगितलं, "मी पुढच्या वेळी घेते."

तिने मला आत नेलं, पट्टी सोडून जखम पाहिली, ताप मोजला. मग माझ्याच फोनवरून माझ्या सर्जनना फोन लावला आणि त्यांचं म्हणणं मला ऐकवलं. जखम कोरडी आहे, ताप नाही, तर हरकत नाही. "उजवा हात द्या, बाई," ती म्हणाली. "उद्या अंग दुखेल, ताप येईल, तो लसीचा. दोन दिवसांनी पण उतरला नाय, नायतर टाक्यांतून पू आला, तर घरी गप्प बसायचं नाय. मला फोन." आणि मग हळूच म्हणाली, "माझंपण काखेतलं गळू कापलं होतं तेव्हा. तरी घेतलीच ना मी?"

खरं सांगते, सर्जनच्या फोनपेक्षा मला तिच्या या एका वाक्याचा धीर आला. दुसऱ्या दिवशी थोडी कणकण आली, ओसरली. टाकेही वेळेवर निघाले.

पुढे दुसरी लाट आली. एका दुपारी लसीच्या टेबलावरच सिस्टरला धाप लागली. मी आणि माझ्या नवऱ्याने गाडी करून तिला पेणच्या एका दवाखान्यात नेलं. तिचे यजमान रोह्याहून तिथे पोचले. खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "लसीचे डोस किती?"

"दोन," मी ताबडतोब म्हणाले.

यजमानांनी खाली बघितलं. "एकपण नाय," ते म्हणाले.

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलताहेत. पण उपकेंद्राच्या यादीत, माझी ड्यूटी लागायच्या आधीच्या पानावर, तिच्या नावापुढची खूण मी स्वतः पाहिली होती, असं मी म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिनंच केली ती."

बारा दिवस ती ऑक्सिजनवर होती. वाचली. महिन्याने मी रोह्याला तिच्या घरी गेले. ती खुर्चीत बसली होती, निम्मी झाली होती. मी पाण्याचा पेलाही घेतला नाही.

"गळू पिकलं होतं, तापपण होता. डॉक्टर म्हणाले आठवडाभर थांब," ती सांगू लागली. "गावात सगळी विचारत होती, सिस्टर घेतली काय? नाय म्हटलं असतं तर कोण आलं असतं? म्हणून घेतली म्हटलं. आठवडा गेला, मग कुठल्या तोंडानं रांगेत उभी राहू?" मग म्हणाली, "आणि भ्याले, बाई. खरंच भ्याले."

"माझे टाके ताजे असताना माझ्या दंडात सुई घातलीत तुम्ही. माझ्या सासूला तुमचा दंड दाखवलात."

"तुम्हाला सांगितलं ते सगळं बरोबरच होतं ना?"

होतं. त्याचाच तर राग होता. माझ्यासाठी ताप मोजला, सर्जनना फोन केला. स्वतः मात्र आठवड्यानंतरही लस घेतली नाही, आणि मला धीर दिला तो न घडलेल्या गोष्टीचा.

गावात मी काही बोलले नाही. बोलले असते तर दुसऱ्या डोसला कुणी फिरकलं नसतं. सगळे म्हणत होते, लस घेतली होती म्हणून सिस्टर जगली. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायच्या. मी मान डोलवायचे. तिचं खोटं आता मी सांभाळत होते.

पुढल्या वर्षी तिची बदली झाली. गावाने साडी दिली, आणि चार शब्द बोलायला बाईच हव्यात म्हणून मला उभं केलं. मी चांगलंच बोलले. ती पूर्ण वेळ मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती.

संध्याकाळी मी हायवेवर भाजी घेत होते. पलीकडे ती रोह्याच्या एसटीची वाट बघत उभी होती. तिने मला पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "बाई, घेतली हो मी! दोन्ही घेतल्या!" मधून ट्रक जात होते. ऐकू आलं नाही असं दाखवून मी भाजीवाल्याकडे वळले आणि नको असलेल्या काकड्या निवडत बसले. मागे एसटी थांबली, दार आपटलं, घंटी वाजली. वळून पाहिलं तेव्हा रस्त्यापलीकडे कुणी नव्हतं.