साहेबाची वॅलेटा

दुबईतल्या करामा भागातल्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काचेवर परवा माल्टाच्या राजधानीचं, वॅलेटाचं पोस्टर दिसलं आणि माझं डोकं भणभणलं. साठच्या दशकात मी दुबईच्या खाडीकाठी एका इंग्रज साहेबाच्या शिपिंग ऑफिसात कारकून होतो. ऐन उन्हाळ्यात रत्नागिरीहून निरोप आला, अब्बांनी अंथरूण धरलंय. मी रजा मागितली. साहेब म्हणाला, "आत्ता नाही. मी आणि मेमसाहेब वॅलेटाला चाललोय, ऑफिस कोण बघणार?" तो गेला आणि आठवड्याभरात अब्बा वारले. त्यांना माती द्यायला मी नव्हतो. साहेब उन्हाने तांबूस होऊन परतला आणि सगळ्यांना जमवून फोटो दाखवू लागला: मधाच्या रंगाच्या दगडी इमारती, रंगीत लाकडी सज्जे, निळंशार बंदर. मला म्हणाला, "माणसाने एकदा तरी बघायलाच हवं!" मी म्हणालो, "साहेब, मला माझ्या बापाचं तोंड एकदा बघायचं होतं." साहेबाने शांतपणे पुढचा फोटो टेबलावर ठेवला, "आणि हा तिथला किल्ला." मी ऑफिसच्या चाव्या त्या किल्ल्यावर आपटल्या, "खलास" म्हणालो आणि बाहेर पडलो. गावी पोचलो तेव्हा कबरीवर गवत उगवलं होतं. आज मी म्हातारा झालोय, साहेबही केव्हाच गेला असेल, पण त्याला मी अजून माफ केलेलं नाही.