भोंग्यातली बाई म्हणाली, काटा राहू द्या

कौसाबाई. माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची बायको. गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, मोहगावकडच्या एका वावरात कडुलिंबाखाली मेली. आणि सरकारी कागद म्हणतो, चूक तिचीच.

आधीच सांगतो – भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काहीच मानत नाही. लोक भूत उतरवायला जातात त्या जामसांवलीच्या रस्त्यावर उभं राहून अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटलीत, शिव्या खाल्ल्यात. तरी हे लिहून राहिलो, कारण गप्प बसलो तर तो कागद खरा ठरेल.

आंध्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकलं होतं. तिथल्या लोकांना आधीच हलवलं... बरं केलं. पण वादळ जमिनीवर चढलं की जोर ओसरतो, टीव्हीवरून त्याचं नाव जातं, आणि उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र विदर्भ ओलांडून आमच्या डोक्यावर येतं. नकाशातली रेघ मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसर-पांढुर्ण्यावरून गेलेली मी सकाळीच मोबाइलवर पाहिली होती. शास्त्र चुकलं नव्हतं. ते वावरापर्यंत पोचवणारे झोपले होते. आणि मी? पाहिलं, मोबाइल खिशात ठेवला. हे माझं पाप, तेही लिहून ठेवतो.

तीन वाजून दहा मिनिटं. मी पंचायतीच्या ओट्यावर बसलो होतो, शेजारी गावचा चौकीदार, कोटवार रामाजी. छतावर कोरोनाच्या काळात लावलेला भोंगा आहे. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नागपूरला गेला तो परत आलाच नाही. तो भोंगा खरखरला. मग एका बाईचा आवाज – शांत, घाई नसलेला.

"वावरात हायेत त्यायनं घरी या. वारा येऊन राहिला. झाडाखाली बसू नका. काटा राहू द्या. काटा उद्या होते."

काटा म्हणजे वेचलेल्या कापसाची तुलाई. वावरातल्या मोठ्या झाडाला काटा टांगतात, बाया आपापली गाठोडी घेऊन त्याखाली रांगेनं बसतात. मजुरी किलोवर, आणि भिजलेला कापूस मालक तोलत नाही. म्हणून काटा झाल्याशिवाय बाई वावर सोडत नाही.

मी म्हटलं, "रामाजी, मशीन कधी आली?"

"कायची आली गा! खोलीले कुलूप हाये, चाबी माह्या कमरेले."

कुलूप उघडलं. रिकामं टेबल, त्यावर धूळ. शिडी लावून छतावर गेलो... वायर तुटून लोंबत होती. भोंग्याच्या तोंडात होल्या पाखराचं घरटं होतं, दोन अंडी, काडीसुद्धा हललेली नव्हती. रामाजी खालून ओरडला, "काय दिसते गा?" मी शिडी उतरू लागलो. दक्षिणेकडून आभाळ काळं होत होतं. मी वावराकडे पळालो.

पोचलो तेव्हा कडुलिंबाची मोठी फांदी काट्यासकट खाली आलेली होती.

कौसाबाईची मुलगी, माझी चुलत बहीण रंजू रांगेत आईच्या मागेच होती. ती एवढंच बोलली, "आवाज इथपर्यंत आला, दादा. आईनं ऐकला. म्हणे, दोन जणी झाल्या का माह्या नंबर, मंग जाऊ."

सरकारी सूचना रामाजीच्या मोबाइलवर आली ती संध्याकाळी, आम्ही दवाखान्याबाहेर उभे असताना. हिंदीत. 'सुरक्षित स्थान पर रहें.'

दुसऱ्या दिवशी पटवारी पंचनाम्याला आला. मी संतापून बोललो, "भोंगासुद्धा बोलला, पण तुमचा एक माणूस नाही आला!" त्यानं बरोबर अर्धंच लिहिलं. 'भोंग्याद्वारे पूर्वसूचना देण्यात आली होती. मृतकाने दुर्लक्ष केले.' घरात रडारड सुरू होती, मी न वाचता सही केली. आयुष्यभर लोकांना सांगत आलो – वाचल्याशिवाय सही करू नका.

तहसीलच्या ऑफिसात गेलो. नाव घेत नाही, प्रकरण सुरू आहे. साहेब हसले.

"भैया, सूचना तर दिली होती ना? तुमच्याच बयानात आहे."

"दिली कोणी? माणसाचं नाव सांगा."

"सिस्टम ने दी."

घरी रंजूनं ऐकवलं, "तू पत्रकात लिहितं, भूत नसते. आता साहेबाले सांग, काहीच नव्हतं ऐकलं. नाई तं सांग, भूत होतं. बोल न, दादा! माह्या मायले लापरवाह लिवलं त्यायनं."

मी दोन्हीतलं काहीच सांगणार नाही. ऐकलं ते ऐकलं. कोणाचा मोबाइल असेल, शेजारच्या गावचा भोंगा असेल... सगळं शोधलं. त्या दिवशी कुठलाच भोंगा सुरू नव्हता. तो आवाज गावात कोणाच्या ओळखीचा नाही.

पण एवढं कळतं – बोलणारीला काटा माहीत होता. त्याच्यासाठी बाया थांबतात, हे माहीत होतं. सरकारच्या कोणत्या सूचनेत हा शब्द आहे, दाखवा! आवाज कोणाचाही असो, त्यांचा नव्हता. त्याचं श्रेय घेऊन मेलेल्या बाईवर दोष टाकायचा त्यांना हक्क नाही.

येत्या सोमवारी अकरा वाजता त्याच ऑफिसात सुनावणी आहे. त्या दुपारी आवाज ऐकलेल्या प्रत्येकानं या. साहेबासमोर आपलं नाव सांगा, ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगा, आणि कौसाबाईवरची ती ओळ खोडेपर्यंत उठू नका. 'आम्ही काही ऐकलं नाही' असं म्हणायचं असेल, तर तेही तिथंच या आणि रंजूच्या तोंडाकडे पाहून म्हणा.