गुडघ्यांचा डॉक्टर

पहिल्या मुलाच्या वेळी माझ्या कानात सकाळभर एक अमेरिकन डॉक्टर बोलत असे. हे सासूबाईंना माहीत होतं. तो काय बोलतो, ते मात्र मी त्यांना कळू दिलं नव्हतं.

घरोघरी इंटरनेट नुकतंच यायला लागलं होतं. शहरातल्या अलकापुरी भागातल्या एका ऑफिसात मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकले होते. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासला की त्याचा रिपोर्ट तोंडी रेकॉर्ड करून ठेवत. ते आवाज फोनच्या तारेतून आमच्याकडे येत आणि आम्ही मुली ते ऐकून, टाइप करून परत पाठवत असू. त्यांची रात्र पडली की आमची कामाची सकाळ सुरू. शिकवतानाच आमच्या मॅडमनी बजावलं होतं, मागचे आवाज ऐकायचे नाहीत. गाड्या, दारं, माणसांचं बोलणं, सगळं सोडून द्यायचं, कान फक्त डॉक्टरवर. मला ते इतकं जमलं की नवऱ्याने मारलेल्या हाकासुद्धा ऐकू येईनाशा झाल्या.

लग्नानंतर घरून काम करायची परवानगी मिळाली आणि घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला, हेडफोन आला, आवाज थांबवायचं आणि चालू करायचं पायातलं पेडल आलं. सासूबाईंनी पेडल निरखून पाहिलं. "शिलाई मशीनच की गं हे," म्हणाल्या आणि तेवढ्यावर माझ्या नोकरीला त्यांनी मान्यता देऊन टाकली. फोन सकाळभर एंगेज लागायचा म्हणून सगळे नातेवाईक रुसले होते. नवऱ्याची बाजव्याला कारखान्यात शिफ्टची नोकरी. तो घरी यायचा तो झोपायलाच.

आधी एकदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा मी रडरड रडले आणि सासूबाई "होतं असं" एवढंच म्हणून भाजी निवडायला बसल्या. त्यांच्या घराण्यात गायकवाडी फौजेतल्या शिपायांची परंपरा. मला वाटलं, घरातल्या बायकांनाही कवायत शिकवलेली दिसते. त्या दोन शब्दांचा राग मी पुष्कळ दिवस मनात धरून होते.

म्हणून या खेपेला मला नुसतं मूल हवं नव्हतं, ते जिवंत, धडधाकट माझ्या हातात येईल याची कोणीतरी लेखी हमी द्यायला हवी होती. आणि कानातला डॉक्टर नेमकं उलटं करत होता. तो होता बाळंतपणाचा डॉक्टर. तोंडात पान असल्यासारखा बोलायचा, मधेच जांभया द्यायचा, आणि त्याचं बोलणं आमच्यात फक्त मला कळायचं, म्हणून त्याच्या सगळ्या फाइली माझ्या वाट्याला. दिवस राहिल्यापासून बाईच्या शरीरात काय काय बिघडू शकतं ते त्याने मला स्पेलिंगसकट शिकवलं. नवा शब्द आला की मी तो जाडजूड डिक्शनरीत शोधायची आणि मग स्वतःच्या अंगात शोधायची. पायावर बोट दाबून खळगा पडतो का बघायची. डोकं दुखलं की संपलंच. माझी डॉक्टरीण "सगळं सरस आहे" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, हिला काय माहीत.

सासूबाईंचा ठाम विश्वास, पोटातलं पोर सगळं ऐकतं. त्यांनी टेपरेकॉर्डरवर सकाळी स्तोत्रं लावायला सुरुवात केली. एकदा हेडफोनकडे बोट दाखवून विचारलं, "हा बाबा एवढं काय सांगतो गं रोज?"

"गुडघे," मी म्हटलं. "गुडघ्यांचा डॉक्टर आहे तो."

"मग चालेल," त्या म्हणाल्या. "गुडघे ऐकून पोराचं काही बिघडत नाही." वर स्वतःच्या गुडघ्यासाठी त्याला काही औषध विचारता येईल का, तेही विचारून घेतलं.

आणि मग त्याच्या फाइलींत ती बाई आली. नाव आम्ही टाइप करत नसू, त्यामुळे माझ्यासाठी ती नुसती 'ती' होती. वय माझ्याएवढंच. आधीचं एक गेलेलं, माझ्यासारखंच. माझ्यापेक्षा थोडे दिवस पुढे. पहिल्या फाइलीत तिचं ब्लडप्रेशर जरा वर होतं. पुढच्या फाइलीत आणखी वर, पायांवर सूज. मग झोपून राहायला सांगितलं, मग दवाखान्यात ठेवलं. ती दर दोन-चार दिवसांनी यायची आणि आली नाही की मला जेवण जायचं नाही. कधी आणि कसं कोण जाणे, पण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की तिचं नीट झालं तर माझं नीट होणार. नाहीतर नाही. मी शिकलेली मुलगी, दिवसभर सायन्स टाइप करणारी, आणि सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईवर मी माझं पोर टांगून बसले होते. कोणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने कॉम्प्युटर उचलून अलकापुरीला पोचता केला असता.

माझ्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाला, प्रेशर उतरत नाही, आज संध्याकाळपर्यंत वाट पाहू, नाहीतर ऑपरेशन करू. महिने पुरते भरलेले नव्हते. पुढे त्याने एक जांभई दिली. मला त्याचा असा संताप आला की मी ती जांभई टाइप करून ठेवली आणि मग पुसली.

दुसऱ्या दिवसाची सुट्टी मी कधीची मागून ठेवली होती. पण मी नसले तर ती फाइल दुसऱ्या कोणा मुलीकडे जाणार आणि एकमेकींचे रिपोर्ट विचारायचे नाहीत हा नियम. मी ऑफिसला फोन करून सुट्टी रद्द केली आणि घरी सांगितलं, सुट्टी मिळत नाही.

"सातव्या महिन्यात? डोहाळजेवणाला?" सासूबाई भडकल्या. "कोण ती तुझी मॅडम? मी बोलते तिच्याशी. तिला काय पोरंबाळं नाहीत?" बिचाऱ्या मॅडमने माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या.

सकाळीच घर बायकांनी भरलं. समोरच्या गुजराती काकींनी रात्री जागून फुलांचे दागिने गुंफले होते. बाजूबंद, कंबरपट्टा, आणि डोक्यावर जाई-शेवंतीचा भलामोठा मुकुट. हिरवी साडी नेसवून त्यांनी मला नटवलं, आणि बाहेर झोपाळा सजवायला बायका पांगल्या, तेवढ्यात मी आतल्या खोलीत सटकले. कॉम्प्युटर चालू केला. त्याची फाइल आलेली होती.

मुकुटामुळे हेडफोन डोक्यावर बसेना. शेवटी उलटा करून हनुवटीखालून धरला, एक बाजू कानाला दाबली आणि पेडलवर पाय ठेवला. ती बाईच होती. त्याने तिचं वय सांगितलं, आधीचं सांगितलं, ऑपरेशनचं नाव सांगितलं. त्याच रोजच्या सपाट आवाजात. चांगलं झालं की वाईट, त्याच्या आवाजावरून कळण्यासारखं काही नव्हतं. माझा पाय पेडलवरून उचलला गेला. आवाज थांबला. पुढे ऐकायचं होतं आणि पाय खाली टेकेना. पोटात पोर हललं, तरीही पाय वरच राहिला.

बाहेर काकींचा आवाज चढला. "वहू क्यां छे? बधां राह जुए छे!" सूनबाई कुठे आहे, सगळे थांबलेत.

सासूबाई तरातरा आत आल्या. तोंड उघडलं ते मला झापण्यासाठीच, पण माझा चेहरा त्यांना दिसला. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. माझ्या हातातला हेडफोन घेतला, कानाला लावला आणि म्हणाल्या, "चालू कर."

"आई, तुम्हाला इंग्रजी..."

"चालू कर म्हणते ना."

मी पेडल दाबलं. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. त्यांना एक अक्षर कळणार नव्हतं. तरी मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांच्या आठ्या एकदम गेल्या.

"अगं, हे तर रडतंय."

"कोण? डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला रडेल! मागे पोर रडतंय. तान्हं आहे." आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "गुडघ्याच्या डॉक्टरकडे तान्हं पोर कुठून आलं गं?"

मग मला राहवलं नाही. बाहेर बायका ताटकळत असताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. गुडघे नव्हते, ती बाई, तिची सूज, मी रोज तिची बघितलेली वाट. वर हेही म्हटलं, की बाळंतिणींचाच दवाखाना तो, कोणाचंही पोर असेल.

"कोणाचंही असू दे. रडतंय ना? मग आहे." माझा कलंडलेला मुकुट सरळ करता करता म्हणाल्या, "माझं पहिलं रडलंच नव्हतं. मी किती वेळ ऐकत पडले होते. कोणी काही बोलेना. मग दाई म्हणाली, होतं असं."

माझ्या नवऱ्याच्या आधी कोणी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांचा हात धरला, पण त्यांनी तो फार वेळ धरू दिला नाही.

"बस आता, ऐकून घे काय ते. नाहीतर तिकडे झोपाळ्यावर बसून रडशील."

त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मी फाइल शेवटपर्यंत ऐकली. टाके घालण्याच्या वर्णनाच्या मधे एका वाक्यात तो म्हणून गेला, मूल लहानखुरं आहे, लगेच रडलं, आई ठीक. पुढे तो सुईदोऱ्याबद्दल बोलायला लागला. मी तसंच, मुकुटासकट, सगळं टाइप केलं आणि पाठवलं. मग बाहेर जाऊन झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडली. बर्फी निघाली, म्हणजे मुलगी. बायकांनी गलका केला.

मुलगीच झाली. ती बाहेर आली तेव्हा क्षणभर तिचं रडणं ऐकू आलं नाही. नर्स काहीतरी करत होती, भांडी वाजत होती, डॉक्टरीण बोलत होती, मी सगळे आवाज बाजूला सारून एकच आवाज शोधत होते. तो आला. आणि पाठोपाठ बंद दाराच्या बाहेरून, मोठ्याने बोलायला बंदी असलेल्या त्या दवाखान्यात, सासूबाईंचा आवाज आला.

"ऐकलं गं! मी ऐकलं!"