कौसल्याकाकीच्या वाटणीच्या गोळ्या

रामदास मेस्त्री दहीहंडीला कायम खालच्या थरात. वर चढणाऱ्यांचे फोटो छापून येतात, खालच्यांचे नुसते खांदे सुजतात. तो म्हणायचा, "रत्ना, फोटोत आपण दिसत नाय, पण आपण नसलो तर फोटोच नाय." लालबागच्या आमच्या गल्लीत त्याच्या तोडीचा मंडपाचा सुतार नव्हता. वासे, फळ्या, खिळे आणि रामदास, की दोन दिवसांत देवाचं घर उभं.

मी राजरत्न तांबे. त्याच्या शेजारच्या चाळीत वाढलो, डी. फार्म केलं आणि नाक्यावर औषधांचं दुकान टाकलं. त्याची गोष्ट सांगताना मी साव म्हणून सांगत नाही, हे आधीच कबूल करतो.

चार वर्षांपूर्वी सहावा थर कोसळला तो थेट त्याच्या पाठीवर. मणका दुखावला. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी एक जबर वेदनाशामक गोळी लिहून दिली. असल्या गोळ्यांसाठी आमच्याकडे वेगळं रजिस्टर असतं. डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती दिल्या, सगळं लिहायचं. चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत. अकराव्या दिवशी तो कंबरेवर हात ठेवून आला. "चार दे रे, कागद उद्या आणतो." आपलाच माणूस. दिल्या. उद्याचा कागद आलाच नाही आणि मी देत राहिलो. मी कसला शिकलेला? गाढव शिकलेला!

पाठ सहा महिन्यांत बरी झाली, गोळी सुटली नाही. दोनाच्या आठ झाल्या. मी एकदम बंद केल्या, ती आणखी एक चूक. त्याला घाम फुटायचा, जुलाब व्हायचे, पाय जागेवर ठरायचे नाहीत, हातातली करवत थरथरायची. मग त्याला भायखळ्याचा एक दलाल भेटला. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा पिशवीत तीस पट्ट्या होत्या. त्या म्हणे त्याच्या एकट्यासाठी होत्या. असतीलही. पण चिठ्ठी आणि बिल नसलं की ते औषध राहत नाही, मुद्देमाल होतो. अंमली पदार्थांच्या कायद्याखाली केस झाली. पाच महिन्यांनी जामीन मिळाला, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर. मंडपवाल्यानं त्याची हत्यारांची पेटी आधीच घरी पाठवून दिली होती. बायको अंबिका चार घरी पोळ्या लाटायला लागली.

आणि त्याच वर्षी त्याच्या आईला, कौसल्याकाकीला, कॅन्सर निघाला. यकृतापर्यंत पोचलेला. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा, फक्त दुखू देऊ नका. अंबिकानं चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. तीच गोळी.

"कुलपात ठेव," मी म्हटलं. "तुझ्या हातानं काकीच्या तोंडात घाल, पाणी पाज, मगच घराबाहेर पड."

ती अगदी तसंच करायची. तरी काकी कण्हायची. भिंतीपलीकडच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तरी तेच. एवढं औषध जातंय कुठे, मला कळेना.

एका दुपारी रामदास काकीची चिठ्ठी घेऊन आला. दहाच्या चाळीस केल्या होत्या. इंग्रजी एकाला नुसती एक वाकडी रेघ जोडली की चार होतो, पण डॉक्टरची शाई निळी आणि याची काळी.

"जामिनावर आहेस तू! हा कागद पुढे गेला तर कुठे जाशील, कळतं का?"

तो पायऱ्यांकडे बघत उभा. "दोघांना पुरतील असं वाटलं रे."

दोघांना? मी शटर अर्धं ओढलं आणि तडक त्याच्या खोलीवर गेलो. काकी भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंगाचं नुसतं चिपाड. मी रामदासला नाही नाही ते बोललो. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, इथपर्यंत. तिनं हात वर केला.

"तेका काय बोला नको, रत्ना. मीच दितंय तेका. गालात धरतंय, अंबिका गेली की काढतंय."

"काकी, अहो तुम्हाला दुखतंय ना?"

"माका दुखता तां संपतला. तेचा काय? झील माझो दिसभर पाय आपटता, माका बघवना नाय. बांगड्याची मधली तुकडी माझ्या ताटातली तेकाच दिलंय मी आयुष्यभर. आता गोळी दिलंय, तर काय चोरी केलंय?"

मला रडू आलं आणि रागही आला. तिला काय सांगू, की बांगड्याची तुकडी आणि ही गोळी एक नाही? मी पाया पडून तिच्याकडून शब्द घेतला की यापुढे ती गोळी गिळेल. रामदासला सांगितलं, सरकारी रुग्णालयात व्यसन सोडवायचा विभाग आहे, उद्या सकाळी मी स्वतः नेतो. तो हो म्हणाला. सकाळी मी गेलो तेव्हा तो घरात नव्हता. आईचं आता घ्यायचं नाही म्हणून तो पुन्हा भायखळ्याला गेला होता, आणि पुन्हा सापडला. जामीन रद्द झाला.

खोटं कशाला बोलू, मला थोडं हायसं वाटलं. आता तरी काकी गिळेल. देणार कुणाला?

पण कण्हणं थांबलं नाही. सतरा दिवसांनी ती गेली. रामदासला अंत्यविधीला सोडावं म्हणून वकिलानं अर्ज केला. कागद फिरून येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

तिसऱ्या दिवशी अंबिका दुकानात आली आणि काउंटरवर एक पुरचुंडी ठेवली. आंघोळ घालताना काकीच्या पदराच्या गाठीत सापडली म्हणाली. आत गोळ्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. वरचा पिवळा लेप विरघळून गेलेला, आतला पांढरा भाग उघडा पडलेला. प्रत्येक गोळी तिनं गालात धरून ठेवली होती, लेक सुटून येईल तेव्हासाठी.

"हे मी काय करू, भावजी?" अंबिकानं विचारलं.

गिऱ्हाईक आलं, त्याला खोकल्याचं औषध दिलं. मग रजिस्टर काढून बघितलं. तारीख, डॉक्टरचं नाव, नग, सगळं माझ्या अक्षरात बिनचूक आहे. त्यात प्रत्येक गोळी कौसल्या मेस्त्रीनंच घेतली आहे.