नाव विचारायचं राहिलं

आमच्या गावचा भैरोबा साताऱ्याकडच्या डोंगरावर. तो इतक्या लांब, या झाडीत, माझ्यासाठी कशाला येईल, असं चांद्याला आल्यापासून मला वाटत होतं. चौथीत शाळा सुटली, मामाच्या ओळखीने इथल्या कॉलेजात शिपाई लागलो. शिकलेल्या माणसांत वावरताना छाती सारखी धडधडायची. तासाची घंटा दिली तरी वेळ चुकली की काय म्हणून परत घड्याळ बघून यायचो. देवापुढे दिवा लावणंही सुटलं होतं.

त्या वर्षी होळीनंतर वनस्पतीशास्त्राचे सर मुलांना आणि मला घेऊन धानोऱ्याच्या जंगलात मुक्कामाला गेले. आणलेला झाडपाला रद्दीत दाबून वाळवायचा, रोज कागद बदलायचे, हे काम माझं. मुलांत आरमोरीकडचा एक होता. आदल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत नापास झालेला. परीक्षा जवळ आली तसा तो जेवेना, बोलेना. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "याच्यावर लक्ष ठेव. माझाच जीव थाऱ्यावर नाही." एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकून धीर यावा की भीती वाटावी, कळेना.

त्या संध्याकाळी कागद बदलताना तो मुलगा शेजारी येऊन बसला. "भाऊ, वाचलेलं काईच डोक्यात राहत नाई. घरी तोंड कसं दाखवू? आता नकोच वाटते सारं." मी घाबरलो. घाईघाईने म्हणालो, "असं बोलू नये. होशील पास." तो उठून गेला.

सकाळी पाहतो तर त्याची सतरंजी गुंडाळलेली. मला मुक्कामाजवळच्या नाल्याचा डोह आठवला. सर मुलांना घेऊन रस्त्याकडे शोधायला गेले, मी डोहाकडे पळालो. काठावर त्याच्या चपला होत्या. तिथेच बसलो आणि म्हणालो, "भैरोबा, माझ्याने होत नाही. तूच बघ."

मान खाली होती म्हणूनच दिसलं. वाळूत मोहाचं एक फूल, ओलं, पिवळट. चार पावलांवर दुसरं. पुढे तिसरं. वर मोहाचं झाड नव्हतं. फुलामागून फूल मी चालत गेलो. उन्हं पानांतून झिरपत होती, गोड वास दाटत होता, आणि पाय माझे नाहीतच असं वाटत होतं.

एका मोहाखाली म्हातारी गोंडीण बसली होती. शेजारी तो, अनवाणी, फुलं वेचत.

"काऊन धावून राह्यला? वाघ लागला का मांगं?" म्हातारी म्हणाली.

तो मान वर न करता बोलला, "आजी डोहावर पाणी प्याले आली होती, भाऊ. म्हणे, मान दुखते, टोपली घे डोक्यावर."

टोपलीच्या बुडाला भोक होतं. "बुढा दुरुस्तच करून देत नाई," म्हातारी म्हणाली. "बस, तू बी वेच."

लवकर आटपावं म्हणून मी एक खालची फांदी धरून हलवली. तिने हातावर चापट मारली. "मोह हलवाचा नाई, बापू. कच्चं पडते. पिकलं का आपोआप पडते. आपन खाली बसाचं."

मग बसलो. फुलं टपटप पडत होती. मध्येच तो हुंदके देऊन रडला. म्हातारीने पाहिलंही नाही, टोपली तेवढी त्याच्याजवळ सरकवली. छातीतली धडधड कधी निवली, मला कळलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा सर रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. वडील एवढंच म्हणाले, "नापास झाला तं का, पोरगं आमचंच हाये." तो पास झाला का, असं लोक विचारतात. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी झाला. तोवर रोज दुपारी माझ्याजवळ बसून कागद बदलायचा. कधी कधी सरही येऊन बसत.

त्याने खिशात आणलेली मोहाची फुलं आम्ही दाबून वाळवली आणि कागदावर चिकटवली. खालच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. तो म्हणाला, "आजीचं नाव विचारायचं राह्यलं." सरांनी ती जागा कोरीच ठेवू दिली.

संध्याकाळी दिवा आता मी लावतो. कॉलेजातलं झाडपाल्याचं कपाट पुसताना तो कागद हाती आला की कोऱ्या जागेवर बोट ठेवून नमस्कार करतो, आणि घंटा दिली की परत घड्याळ बघायला जात नाही.